बाळाचं दुपटं क्रोशाच्या चौकोनांचं करताय? आधी एकच चौकोन विणून धुवा

उदगीरच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी होणार आहे, तारीख येळवसेच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या आसपासची आहे, आणि बाळंतविड्यात त्यांना स्वतःच्या हातचं चौकोनांचं दुपटं ठेवायचंय. अकरा चौकोन झालेत, पण एकाला एक जुळत नाही. काही तिरके फिरलेत, दोन वाटीसारखे उचललेत. लोकर किती लागेल, चौकोन जोडायचे कसे, तेही विचारलंय.

ताई, मावशी होणार आहात, आनंद वाटला. ते अकरा चौकोन उसवू नका, उशीच्या खोळीला छान होतील. दुपट्यासाठी मात्र नव्याने सुरुवात करा, आणि ती सुताने करा.

आपल्याकडे दुकानात लोकर मागितली की बहुतेक वेळा ॲक्रिलिक हातात येतं. स्वस्त असतं, रंग झकास असतात, लवकर वाळतं. टोपी, स्वेटर, तोरण यांना मीही तेच वापरते. पण ज्या घरात बाळंतिणीसाठी शेगडी पेटते त्या घरात ॲक्रिलिकचं दुपटं नको, हे माझं ठाम मत आहे आणि ते अनुभवातून झालंय. बारा वर्षांपूर्वी भाच्यासाठी मी ३६ चौकोनांचं दुपटं केलं होतं, पिवळं-पांढरं. बाळाला न्हाऊ घातलं होतं आणि आई ओवा-वावडिंगाची धुरी देत होती. दुपटं बाजेवरून खाली लोंबत होतं, त्याचा कोपरा शेगडीला टेकला. मोठी ज्वाळ वगैरे काही दिसली नाही. कोपरा नुसता आकसत गेला. आईने ओढेपर्यंत अर्धा चौकोन वितळून काळा झाला आणि बाजेच्या गातीला चिकटला. गार झाल्यावर नखाने खरवडूनही निघेना, इतका टणक. भाचा तेव्हा आईच्या मांडीवर होता. सुती कापडही जळतंच, त्यामुळे शेगडीजवळ कुठलंच दुपटं ठेवायचं नसतं. पण सूत वितळून कातडीला चिकटत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. धुरीच्या धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो म्हणून डॉक्टरही ती नको म्हणतात, तेही बहिणीच्या कानावर घाला.

सूत आठ पदरी घ्या, वेष्टनावर ८ प्लाय किंवा डीके लिहिलेलं असतं. त्याला ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई. रुमालाच्या कडा करतो तो बारीक क्रोशाचा दोरा इथे चालत नाही, दुपटं वर्षभरातही पुरं होणार नाही. लातूरला गंजगोलाईत किंवा नांदेडला जिथून घ्याल तिथून सगळं एकदम घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर जुळवून घ्या. तोच रंग पुढच्या महिन्यात आणला तर किंचित वेगळा येतो, आणि जोडल्यावर तो फरक लांबूनही दिसतो. गडद रंग घेत असाल तर वीतभर दोरा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून बघा. डाग पडला तर तो रंग बाळाच्या दुपट्याला नको. जुन्या पद्धतीच्या चौकोनांना शेवटची फेरी काळी असते, शोभतेही, पण काळा रंग बाळाला बऱ्याच घरी चालत नाही. मी तिथे गडद निळा किंवा मोरपंखी घालते. शुभ्र पांढरा टाळा. तेल आणि काजळ, दोन्ही त्याच्यावर पहिल्याच आठवड्यात उमटतात.

आता चौकोन बिघडतात का ते सांगते. व्हिडिओ बघून शिकताय म्हणून आधी एक घोळ दूर करू. अमेरिकन बाई जिला डबल क्रोशे म्हणते तो आपला खांब, म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन काढतो तो. इंग्लंडची बाई त्यालाच ट्रेबल म्हणते, आणि तिचं डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, म्हणजे सुईवर वेढा न घेता काढतो तो. दोन व्हिडिओ मिसळून विणलं तर चौकोनांचं माप जुळणं शक्यच नाही. तुमच्या अकरापैकी काहींचं तसंच झालं असावं असं मला वाटतं.

चार साखळ्यांचं कडं करा. मॅजिक रिंग, म्हणजे दोऱ्याच्या सैल फासात विणून तो नंतर आवळायचा, दिसायला नेटकी, पण शेवटचं टोक पक्कं खोवलं नाही तर धुताधुता मधलं भोक उघडतं, म्हणून बाळाच्या वस्तूला मी साखळीचंच कडं करते. त्यात तीन-तीन खांबांचे चार गट, प्रत्येक गटानंतर दोन साखळ्या. त्या दोन साखळ्या म्हणजे कोपरा. पुढच्या फेरीपासून प्रत्येक कोपऱ्यात दोन गट आणि मध्ये दोन साखळ्या, बाजूच्या फटीत एक गट. बाजूच्या गटांमध्ये काही जणी एक साखळी घालतात. ती तुम्ही घालू नका, त्याने भोकं मोठी होतात आणि बाळाची बोटं अडकतात.

चौकोन तिरका का फिरतो? सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने विणल्या की प्रत्येक खांब खालच्या टाक्याच्या बरोबर डोक्यावर न बसता जरा बाजूला बसतो. एका फेरीत ते कळत नाही, पाचव्या फेरीपर्यंत सगळा चौकोन पिळतो. उपाय सोपा आहे. फेरी जोडून झाली की काम उलटवा आणि पुढची फेरी मागच्या बाजूने विणा. उलटवलं की शेवटचा कोपरा सुईच्या शेजारीच येतो, तिथूनच सुरू करायचं. वाटी होते ती कोपऱ्यात एक गट राहिला किंवा साखळ्या फार आवळल्या म्हणून. कडा झालरीसारख्या लाटा मारायला लागल्या तर कुठेतरी गट जास्त पडलाय. मोजायची खूण ध्यानात ठेवा: जितवी फेरी, तितके गट प्रत्येक बाजूला. पाचव्या फेरीला एका बाजूला पाच गट, म्हणजे १५ खांब. चौकोन बाजूला ठेवण्याआधी चारही बाजू मोजायच्या.

इतकं करूनही एक चौकोन पाच इंच आणि दुसरा साडेपाच येत असेल तर हाताकडे बघा. सुईवर वेढा घेतला, फटीतून सुई घातली, दोरा पुढे ओढला. त्या क्षणी तो फास किती उंच येतो तिथेच खांबाची उंची ठरते. मन दुसरीकडे असलं की फास उंच ओढला जातो, घाईत असलं की खालीच राहतो. मी पाच-सहा चौकोन होईपर्यंत नुसती त्या फासाकडे बघत विणते, मग हाताला वळण पडतं. सासूबाई विचारायच्या, "काय एवढं टक लावून बघायलीस गं?" पण त्याच बघण्यामुळे पुढचे चौकोन सारखे उतरतात.

आता हिशोब, म्हणजे ज्यासाठी शीर्षकात धुवा म्हटलंय ते. नव्या सुताचा पहिला पाच फेऱ्यांचा चौकोन विणा, कोमट पाण्यात धुवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सपाट वाळवा, आणि मगच मोजा. सूत पहिल्या धुण्यात थोडं आटतं. न धुता मोजलेल्या मापावर सगळं दुपटं बेतलं तर नंतर बारीक बसतं. तो चौकोन पाच इंच आला असं धरू. सहा आडवे, सात उभे, म्हणजे ४२ चौकोन आणि ३० बाय ३५ इंचाचं दुपटं. काठ आणखी इंचभर. तान्ह्या बाळाला हे पुरेसं आहे, मोठं केलं तर ओलं झाल्यावर आईला पिळायला जड जातं. तोच चौकोन घरातल्या छोट्या वजनकाट्यावर ठेवा, नाहीतर सोनाराकडे करून घ्या. माझा ९ ग्रॅम भरतो. ४२ चौकोनांचे ३७८ ग्रॅम, जोड आणि काठाला त्याचा चौथा हिस्सा धरला की ४७० च्या वर जातं. अर्धा किलो घ्यायचं. तुमचं सूत आणि हात वेगळा, तेव्हा तुमचं वजन धरून मांडा.

रोज दोन चौकोन धरले तर २१ दिवस. जोडायला आणि काठाला आणखी आठ-दहा दिवस धरा. दसरा नुकताच झालाय, वेळ भरपूर आहे.

टोकं मात्र साठवू नका. एका रंगाच्या चौकोनाला दोन टोकं, तीन रंगांच्या चौकोनाला सहा. ४२ चौकोनांची २५२ टोकं शेवटी खोवायला बसलात की कंटाळून कुठेतरी आखूड कापली जातात आणि तीच पुढे सुटतात. सुटलेला दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊ शकतो. बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. म्हणून प्रत्येक चौकोन झाला की लगेच बोथट सुईने टोक एका दिशेने, मग परत उलट दिशेने खोवा, चार बोटं तरी आत जाऊ द्या. गोंडे, मणी, बटणं, लोंबती झालर यातलं काहीही लावू नका.

जोडण्याआधी सगळे चौकोन ओले करून थर्माकोलवर पाच इंचाची चौकट आखून टाचण्यांनी ताणून वाळवा. आपल्या हवेत सावलीतही लवकर वाळतात. टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा. मी वाटीत ४० घेते, काम झाल्यावर ४० वाटीत आल्याशिवाय उठत नाही.

जोडणीच्या पद्धती पुष्कळ आहेत. मुक्या खांबाने जोडलं की लवकर होतं, पण मध्ये दोरीसारखा उंचवटा येतो आणि तो बाळाच्या पाठीला टोचतो. म्हणून दोन चौकोन शेजारी सपाट मांडा, दोन्हीकडच्या टाक्याचा फक्त बाहेरचा दोरा उचला आणि सुईने हलक्या हाताने शिवा. एका बाजूला १५ खांब आणि दोन्ही टोकांना कोपऱ्याची एक-एक साखळी, असे १७ टाके समोरासमोर यायला हवेत. आधी सगळ्या आडव्या शिवणी शिवा, मग उभ्या. चार कोपरे मिळतात तिथे एक जादा टाका घाला, दुपटं पहिल्यांदा तिथेच उसवतं. काठाला मुक्या खांबाच्या दोन फेऱ्या, कोपऱ्यात तीन-तीन.

आता मला सगळ्यात आवडतं ते काम. घरात आजीचं किंवा आईचं जुनं सुती लुगडं असेल तर त्याचं अस्तर लावा. वाकळ शिवताना जसं वरखाली लुगडं घालायचे, तसंच. भोकं मागून झाकली जातात, बोटं अडकत नाहीत, आणि येळवसेच्या थंडीत नुसत्या जाळीने येणार नाही ती ऊब येते. बऱ्याच घरांत बाळाला पहिल्यांदा जुन्या, धुऊन मऊ झालेल्या कापडातच गुंडाळतात. तुमच्या दुपट्यात ते कापड आपोआप येतं. लुगडं धुऊन, दुपट्यापेक्षा अर्धा इंच जास्त कापून, कडा दुमडून काठाच्या आत हातशिलाईने लावा. मध्ये दर दोन चौकोनांनंतर जोडाच्या कोपऱ्यावर एक टाका घेतला की अस्तर गोळा होत नाही. भाच्याच्या पाठच्या भाचीला मी असं केलं, आईच्या हिरव्या इरकलीचं अस्तर लावून. ती आता दहा वर्षांची आहे. सुताचे रंग विटलेत, पण इरकलीचा काठ अजून ओळखू येतो.

धुण्याचं सांगायला हवं, कारण आपलं बोअरचं पाणी जड. वडीचा साबण अशा पाण्यात फेस देत नाही, त्याचा पांढरा चोथा दोऱ्यात बसतो आणि सूत खरखरीत होतं. पातळ डिटर्जंट थोडंसं वापरा आणि शेवटचं पाणी जारचं घ्या. ओलं दुपटं दोरीवर टांगू नका, स्वतःच्या वजनाने लांबट होतं. बाजेवर पसरून सावलीत वाळवा. देण्याआधी दोनदा धुतलं की नव्या सुताचा ताठपणा जातो.

बहिणीला एक नक्की सांगा. पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळाजवळ सैल पांघरूण ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ते तोंडावर येऊ शकतं. हे दुपटं मांडीवर घेताना, कोवळ्या उन्हात बसताना, बाळ जागं असताना आणि जवळ कुणी असताना वापरायचं. पाळण्यात किंवा झोळीत नाही.

बाळंतविड्यात दुपट्याबरोबर एक जादा चौकोन आणि मूठभर सूतही ठेवा. कुठे फाटलं तर त्याच लॉटचं सूत नंतर मिळत नाही. पहिला चौकोन धुऊन वाळला की त्याची बाजू आणि वजन इथे लिहा. पाच इंच आला नसेल तर आडवे-उभे किती घ्यायचे ते मी मांडून देते.