'वाचा गेली' म्हणजे नेमकं काय गेलं?

प्रश्न असा आला : वडिलांना स्ट्रोक आल्यावर एका डॉक्टरांनी 'अफेझिया' म्हटलं, दुसऱ्यांनी 'डिसार्थ्रिया'. घरात मात्र दोन्हींना 'वाचा गेली' म्हणतात. अफेझियाला 'वाचाघात' म्हणावं का?

म्हणा, छापील मराठीत तो शब्द आहेच. 'पक्षाघात'च्या साच्यातून काढलेला दिसतो. माझी कुरकुर आहे ती त्यातल्या 'वाचा'बद्दल. वाचा म्हटलं की जीभ, ओठ, आवाज आठवतात. अफेझियात बिघडते ती भाषा. माझ्या आत्याचे उच्चार शेवटपर्यंत खणखणीत होते. पण चहा हवा असला की ती 'चप्पल' म्हणायची, मग चूक तिचीच तिला कळायची आणि कपाळावर हात मारून घ्यायची. पेपर पुढे धरला तर अक्षरं दिसत, अर्थ लागत नसे. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी 1874 मध्ये मांडलेल्या प्रकारात तर बोलणं धो धो वाहतं, फक्त त्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचं बोलणंही नीट उमगत नाही. तिथे 'वाचा गेली' कसं म्हणायचं?

डिसार्थ्रियाचं उलट. शब्द सापडलेला असतो, वाक्य मनात जुळलेलं असतं. बोलण्याच्या स्नायूंवरचा ताबा सुटल्यामुळे ते जड, बोबडं बाहेर पडतं. हात चालत असेल तर असा माणूस सगळं लिहून सांगतो.

गंमत म्हणजे 'अफेझिया' या मूळ शब्दावरही भांडण झालं होतं. 1861 मध्ये पॅरिसलगतच्या बिसेत्र रुग्णालयात फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी लबोर्न्य नावाचा रुग्ण तपासला. विचाराल त्याला 'तां, तां' एवढंच उत्तर, म्हणून त्याचं नावच 'तां' पडलेलं. वैतागला की मात्र एखादी शिवी सुटायची! तो वारल्यावर मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. ब्रोकांनी या अवस्थेला 'अफेमी' म्हटलं. 1864 मध्ये आर्मां त्रूसो या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरांनी हरकत घेतली : अहो, ग्रीकमध्ये याचा अर्थ होतो दुष्कीर्ती. त्यांनी 'अफाझी' (इंग्रजीत अफेझिया) सुचवला आणि तोच टिकला. पण त्यातल्या ग्रीक 'फासिस'चा अर्थही बोलणंच. तेव्हा 'वाचाघात'मधली खोट आपली एकट्याची नाही.

डिसार्थ्रियासाठी जुना शब्द शोधताना मी सुश्रुतसंहिता या जुन्या आयुर्वेद ग्रंथातल्या 'निदानस्थान' या भागापाशी पोचलो. कफासह वायू 'शब्दवाहिनी' धमन्या अडवतो आणि माणूस 'मूक, मिन्मिण, गद्गद' होतो, असं तिथे आहे. मिन्मिण म्हणजे नाकातून बोलणारा. गद्गद म्हणजे अक्षरं, शब्द गाळत अस्पष्ट बोलणारा. शब्द किती नेमका! पण आज 'बाबा गद्गद झालेत' म्हणालात तर पाहुणे पेढे मागतील.

म्हणून लिहिताना मी अफेझियाला 'भाषाघात' आणि डिसार्थ्रियाला 'उच्चारदोष' म्हणेन. पहिला माझ्या पदरचा आहे, पटला नाही तर 'वाचाघात' आहेच. स्पीच थेरपिस्टशी बोलताना मात्र यातलं काहीच नको. 'शब्द सापडत नाहीत', 'सांगितलेलं कळत नाही' किंवा 'जीभ जड झालीय', यातलं जे दिसतं ते तसंच सांगा.