डिस्क चार, प्रत एक

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. वय ३४, घरी पत्नी आणि दोन मुलं. लग्नांचे फोटो-व्हिडिओ २०१६ साली घेतलेल्या स्टोरेज सर्व्हरवर ठेवतो. ४ टीबीच्या चार डिस्क आहेत, रेड ५ मध्ये (चारही मिळून एकच साठा). साडेआठ टीबी भरलंय आणि एका डिस्कवर आता धोक्याची पिवळी खूण येते. आठ लग्नांचे अल्बम अजून द्यायचे आहेत. ट्रूनॅस हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकून स्वतःच नवा सर्व्हर बांधायचं ठरवलंय, खर्च १ लाख २५ हजार. जुन्या चारही डिस्क त्यात लावीन, म्हणजे डेटा तसाच येईल आणि नव्या दोनच घ्याव्या लागतील. रेड आहे म्हणून बॅकअप वेगळा नाही. दीड लाखाची एफडी मोडू, की दोन वर्षांसाठी १० टक्क्यांनी कर्ज मिळतंय ते घेऊ? नोव्हेंबरात पॉलिसीचा ६० हजारांचा हप्ताही आहे. ती बँकेतल्या साहेबांनी ‘एफडीसारखीच’ म्हणून दिली होती. सर्व्हरचं कोटेशन, कर्जाचा आणि पॉलिसीचा कागद सोबत जोडलाय.

उत्तर : भाऊ, एफडी मोडू नका आणि ते कर्जही घेऊ नका. तो १० टक्के ‘फ्लॅट’ दर आहे. सव्वा लाखावर दोन वर्षांचं २५ हजार व्याज आधीच धरलं आणि महिना ६,२५० चा हप्ता बसवला. मुद्दल दर महिन्याला फिटतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण सव्वा लाखावर मोजलं जातं. खरा दर १८ टक्क्यांच्या आसपास पडतो, प्रोसेसिंग फी वेगळी. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत तुमच्या हाताला काम कमी असतं, हप्ता मात्र तेव्हाही जाणार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण पत्रातलं ‘जुन्या चारही डिस्क त्यात लावीन’ हे वाक्य या कर्जापेक्षा कितीतरी महाग पडेल, म्हणून उरलेली जागा त्यालाच देतो.

तुमच्या जुन्या सर्व्हरसारख्या पेट्या सहसा लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडने चारही डिस्कचा एक गट बांधतात. ट्रूनॅस झेडएफएस ही डेटा ठेवायची वेगळी पद्धत वापरतं, त्याला हा गट ओळखता येत नाही. त्याच्या यादीत चार डिस्क नुसत्या वापरायला मोकळ्या दिसतील. तुम्ही त्यांचा पूल, म्हणजे नवा एकत्र साठा, बनवायला सांगाल आणि नऊ वर्षांचं काम पुसलं जाईल. परत मागायला दुसरी प्रत कुठेच नाही. रेडच्या डिस्कवरून डेटा काढून देणाऱ्यांचं बिल सहज पाऊण लाखाच्या पुढे जातं, आणि सगळं मिळेलच असं त्यांच्यातला कोणी लिहून देत नाही.

रेड म्हणजे बॅकअप, ही समजूतच चुकीची आहे. रेड ५ चा अर्थ एवढाच की एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही. फोल्डर चुकून डिलीट झालं, रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस) शिरलं, वीज पडली, पेटीच चोरीला गेली, तर चारही डिस्कचं नुकसान एकदमच होतं. पिवळी खूण आलेली डिस्क बदलून रिबिल्ड (तिच्यावरचा डेटा बाकीच्या डिस्कवरून नव्या डिस्कवर पुन्हा तयार) करायचा विचार असेल तर तोही आत्ता थांबवा. रिबिल्डमध्ये उरलेल्या तीन डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकातच साधारण साडेबारा टीबी वाचनामागे एखादी न वाचता येणारी जागा धरलेली असते. त्यात या डिस्क नऊ उन्हाळे एकाच पेटीत तापलेल्या. एक थकली असेल तर बाकीच्या तिघी फार मागे नाहीत.

म्हणून सर्व्हर नंतर, दुसरी प्रत याच आठवड्यात. ८ टीबीची बाहेरून जोडायची यूएसबी डिस्क साधारण १७ हजारांना येते. खात्यात तेवढे नसतील तर एफडी तारण ठेवून तिच्यावरच ओव्हरड्राफ्ट, म्हणजे उचल, काढा. व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त लागतं आणि एफडी जागची हलत नाही.

डिस्क एडिटिंगच्या कॉम्प्युटरला लावा आणि विंडोजमधल्या रोबोकॉपी या कॉपीच्या आज्ञेने डेटा ओढा. माउसने ओढून टाकलेली कॉपी मध्येच अडते, आणि काय आलं नि काय राहिलं याचा पत्ता लागत नाही. रोबोकॉपीत एक गोष्ट आधी बदला. एखादी फाइल वाचता आली नाही तर ते मुळात दहा लाख वेळा, दर ३० सेकंदांनी, पुन्हा प्रयत्न करतं. एका खराब फाइलवर अख्खी रात्र जाते आणि दुखऱ्या डिस्कवर ताण येतो तो वेगळा. प्रयत्न एकवर आणा, थांबा पाच सेकंदांचा ठेवा, आणि नोंद फाइलमध्ये लिहायला सांगा, म्हणजे सुटलेल्या फाइल सकाळी दिसतील. आधी ती आठ लग्नं न्या, मग मागच्या दोन वर्षांचं सगळं, मग जुन्या लग्नांचे फक्त तयार अल्बम आणि एडिट केलेली फिल्म. तोवर जुन्या सर्व्हरवर नवं काही लिहू नका.

वेग नीट येतोय का, हे पाहण्यासाठी नेटवर्कची जोडणी १००० मेगाबिट दाखवते की १००, ते बघा. केबलची एक जोडी तुटली की जोडणी गुपचूप १०० वर येते. १००० वर सेकंदाला सुमारे ११० एमबी मिळतात आणि ५ टीबी एका रात्रीत-सकाळपर्यंत जातं. १०० वर त्यालाच पाच-सहा दिवस लागतात. दीडशे रुपयांची केबल बदलून हे सुटतं, त्यासाठी तुम्ही कोटेशनमध्ये धरलेलं दहा गिगाबिटचं कार्ड आणि स्विच नको.

आता सर्व्हर. हंगामाचे पहिले ॲडव्हान्स हातात आले की बांधा. रिफर्बिश्ड ऑफिस टॉवर, आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम, १६ हजारांच्या आसपास. ट्रूनॅसला ८ जीबी किमान लागते. टॉवरमध्ये साडेतीन इंची डिस्कच्या दोन जागा आणि डिस्कला वीज देणारे दोन मोकळे साटा पॉवर कनेक्टर आहेत का, ते दुकानातच झाकण उघडून बघा. या ब्रँडेड टॉवरचा पॉवर सप्लाय बऱ्याचदा वेगळ्याच जोडणीचा असतो, बाजारातला बसत नाही. मोलेक्स या जुन्या पॉवर कनेक्टरवरून साटा करणारी साच्यात ओतलेली स्वस्त पिन लावू नका, ती आतून जळते. ८ टीबीच्या दोन नॅस (म्हणजे स्टोरेज सर्व्हरसाठीच्या) डिस्क ४० हजारांच्या, मिरर करून, म्हणजे दोन्हींवर तेच. त्या सीएमआर प्रकारच्याच (डेटाच्या रेघा सुट्या असलेल्या) हव्यात. एसएमआर डिस्क (रेघा एकमेकींवर चढवलेल्या) झेडएफएसच्या रिबिल्डमध्ये रखडतात, आणि २०२० साली तर नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्कही एसएमआर निघाल्या होत्या. दोन डिस्क दोन दुकानांतून घ्या आणि पैसे देण्याआधी सीरियल नंबरवर भारतातली वॉरंटी दिसते का, तपासा. ट्रूनॅससाठी छोटा एसएसडी आणि केबल दीड हजारात. १ केव्हीएचा यूपीएस पाच हजारांना, पण यूएसबी पोर्टवालाच घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की ट्रूनॅस स्वतःहून बंद होईल. पावसाळ्यात आपल्याकडे लाइन मिनिटात दोनदा जाते-येते, ते घरच्या इन्व्हर्टरवर सोडू नका. यूएसबी डिस्क धरून सगळं मिळून ऐंशी हजार होतात, त्यातले १७ आधीच गेलेले.

तुमच्या कोटेशनमधलं सहा डिस्कचं मशीन ९० वॅट तरी खाईल. युनिटला दहा रुपये धरा, वर्षाचं बिल आठ हजारांच्या घरात. हे छोटं मशीन साडेतीन हजारांत भागतं.

नव्या डिस्कवर आधी लांब पल्ल्याची स्मार्ट चाचणी (डिस्कने स्वतःची केलेली तपासणी) लावा, अर्धा दिवस जाईल. मग जुन्या सर्व्हरच्या पॅनेलमध्ये आरसिंक ही कॉपीची सेवा चालू करा आणि ट्रूनॅसकडून ओढून घ्या, म्हणजे तारखाही तशाच राहतात. ‘डिलीट’चा पर्याय लावू नका. दिशा चुकली तर रिकामा नवा सर्व्हर जुन्याला रिकामा करून ठेवेल. कॉपी झाल्यावर हीच आज्ञा चेकसम तपासणीसह (दोन्हीकडच्या फाइल आतून जुळतात का, ते पाहत) पुन्हा चालवा, अजून एक रात्र लागेल. ठेवायचं तेवढंच न्या. बाकीचं जुन्या पेटीत तीन महिने बंद राहू द्या. त्या डिस्क विकू नका, भावही येणार नाही आणि गिऱ्हाइकांचे फोटो त्यावरून निघू शकतात.

यूएसबी डिस्क महिन्याला एकदा जोडून प्रत ताजी करायची आणि दुसऱ्या घरी ठेवायची. सासुरवाडी यवतमाळात असेल तर तिथे. सर्व्हर कूलरच्या झोतात ठेवू नका, ओलावा आणि धूळ दोन्ही आत जातात. टिनाच्या छताखालीही नको. मे महिन्यात डिस्कचं तापमान ५० च्या वर गेलं तर दुपारी तो बंदच ठेवा.

बाकीचा पैसा पॉलिसीच्या वाचलेल्या हप्त्यातून निघेल. २०२२ पासून तीन हप्ते म्हणजे १ लाख ८० हजार गेले. दहा वर्षांत सहा लाख भरून पंधराव्या वर्षी ९ लाख ६० हजार मिळणार, हा परतावा वर्षाला साडेचार टक्के होतो. तिला एफडी म्हणणं शुद्ध फसवणूक आहे. त्यात तुमचं संरक्षण फक्त सहा लाखांचं, आणि मागे दोन मुलं. सरेंडर केली, म्हणजे आत्ताच बंद करून पैसे परत घेतले, तर ६३ हजारांच्या आसपास येतील, म्हणून सरेंडर नको, पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवा. ढोबळ हिशेबाने पेड-अपचे पावणेतीन-तीन लाख पंधराव्या वर्षी मिळतील. म्हणजे पुढचे सात हप्ते, ४ लाख २० हजार, भरल्याने वाढणार पावणेसात लाख. तेच पैसे ७.१ टक्क्यांच्या पीपीएफमध्ये टाकले तर त्याच तारखेला पावणेआठ लाखांच्या वर जातात.

पण क्रम चुकवू नका. आधी एक कोटीचा टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घ्या, तुमच्या वयाला वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास बसेल. खर्रा खात असाल तर तंबाखूच्या रकान्यात ‘हो’ लिहा. हप्ता वाढेल, पण लपवलं तर पहिल्या तीन वर्षांत कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं. टर्म हातात आल्यावर नोव्हेंबरचा हप्ता थांबवा. त्याआधी विमा कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप, दोन्ही रकमा लेखी मागवा. बँकेतल्या साहेबांच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. पत्र आलं की दोन्ही आकडे कळवा, माझा हिशेब त्याप्रमाणे दुरुस्त करून देतो.