हातशेप्सुतपासून सुरुवात करा

जगभरच्या राण्यांचा इतिहास कुठून वाचायला घ्यावा, असं तुम्ही विचारलंत. सोबतची राण्यांची यादी छान केली आहे, पण क्लिओपात्रा, रझिया, एलिझाबेथ सगळ्या एकदम नकोत. एक राणी आणि तिची एक जागा धरा. मी सुचवेन इजिप्तची हातशेप्सुत (साधारण इ.स.पू. १४७९ ते १४५८) आणि लक्झरसमोर, नाईलच्या पश्चिम काठावरचं तिचं देर अल-बहरीचं मंदिर.

आधी मधल्या मजल्याच्या डाव्या ओवरीतल्या पुंत या दूरच्या प्राचीन देशाला तिने धाडलेल्या सफरीच्या शिल्पांचे फोटो निवांत बघा. धुपाची झाडं मुळांसकट टोपल्यांत घालून माणसं जहाजावर चढवताहेत. खालच्या पाण्यातले मासे इतके बारकाईने कोरलेत की त्यांच्या जाती ओळखता येतात! यावर एक अख्खी संध्याकाळ घालवलीत तरी चालेल.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- मूर्तीची दाढी पाहून ‘ती पुरुष असल्याचं सोंग करत होती’ असं ठरवणं. खोटी दाढी हा फेरोच्या राजवेषाचा भाग होता; तिच्या लेखांत स्त्रीलिंगी रूपं सर्रास आढळतात.
- तिच्यानंतर राज्य करणाऱ्या तिच्या सावत्र मुलाने, थुटमोस तिसऱ्याने, रागाच्या भरात तिचं नाव खोडलं, ही गोष्ट जशीच्या तशी मानणं. खोडाखोड तिच्यानंतर सुमारे वीस वर्षांनी झाली. इतका उशीर रागाने समजत नाही, मला वारसाहक्काचं राजकारण जास्त पटतं.
- दिसतो तो प्रत्येक दगड जागचाच समजणं. बराच भाग विसाव्या शतकात पुन्हा उभारलेला आहे.

चित्रलिपी आणि राजवंशांच्या तारखांचे वाद सध्या बाजूला ठेवा. मंदिर ओळखीचं झालं की नदीपलीकडे कर्नाकच्या मंदिरसमूहाकडे चला. तिथे तिचा एकसंध ग्रॅनाइटचा, जवळपास ३० मीटर उंच स्तंभ अजून उभा आहे.