पाटी नसलेलं २ फूट ६ इंची इंजिन २ फुटी रुळावर येईल का?

बंद साखर कारखान्याच्या आवारात बनवणाऱ्या कंपनीची पाटी नसलेलं, २ फूट ६ इंच गेजचं (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) वाफेचं इंजिन उभं आहे, ते २ फुटी रुळावर चालवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. पण गॅस कटर हातात घेण्याआधी ते इंजिन कुठलं हे शोधा.

पाटी चोरीला गेली तरी ओळख पुसली जात नाही. उत्तर प्रदेशातल्या एका कारखान्यात आम्ही कनेक्टिंग रॉडवरचं (पिस्टनचा जोर चाकांना देणाऱ्या दांड्यावरचं) घट्ट झालेलं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसलं, वर आडवा खडू फिरवला आणि इंजिनाच्या नंबराचे ठोकलेले चार आकडे उमटले. दुसऱ्या बाजूच्या रॉडवर मात्र वेगळाच नंबर! म्हणजे कधीतरी दुसऱ्या इंजिनाचा रॉड चढवलेला. म्हणून एका नंबरावर विसंबू नका, मिळतील तेवढ्या भागांवर शोधा. इंजिन फाउलरचं निघालं तर लीड्सच्या त्या कंपनीचं जुनं दप्तर इंग्लंडमध्ये रीडिंगच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात जपलेलं आहे.

आता गेज. ७६२ मिमीवरून ६१० म्हणजे प्रत्येक चाक ७६ मिमी आत. फ्रेम, म्हणजे इंजिनाचा सांगाडा, चाकांच्या बाहेर असेल तर काम आवाक्यात आहे: सिलिंडर, क्रँक, रॉड जागेवर राहतात, चाकं आसावर आत घ्यायची, ब्रेक पुन्हा जुळवायचे. आत सरकलेली चाकं राखेच्या पेटीला घासत नाहीत ना, तेवढं आधी मोजा. फ्रेम चाकांच्या आत असेल तर मात्र चाकं तिलाच भिडतात. मग फ्रेम अरुंद करा, सिलिंडर आत घ्या, फायरबॉक्सला (आग जळते त्या पेटीला) जागा करा... एवढं केल्यावर मूळ इंजिन कितीसं उरलं? अशा वेळी इंजिनाच्याच २ फूट ६ इंच गेजचा छोटा रूळ टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

जावातल्या त्रांगकिल साखर कारखान्याचं ४ नंबरचं इंजिन हन्स्लेट या इंग्लंडमधल्या कंपनीने १९७१ मध्ये बांधलं. २००४ मध्ये ते इंग्लंडला परत आलं आणि ७५० मिमीवरून २ फुटांवर उतरवलं गेलं. आजही ते पाहिलं की मन भरून येतं.

कोळशाऐवजी तेलाचा विचार असेल तर फायरबॉक्सला आतून अग्निविटा लावाव्याच लागतात, ज्योत थेट पत्र्यावर बसता कामा नये. पण ते पुढचं. आधी बॉयलर निरीक्षकांना बोलावा, बॉयलर गेलेला असेल तर सगळा हिशेबच बदलतो.

फ्रेमच्या दोन पत्र्यांमधलं अंतर आणि चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजून इथे टाका. रॉडचे फोटोही. मी बघतो.