वाचकांचे प्रश्न : मंत्री न्यायाधीश होऊ शकतो का?

प्रश्न : न्या. व्ही. आर. कृष्णा अय्यर हे आधी केरळात मंत्री होते असे वाचले. मंत्री राहिलेला माणूस न्यायाधीश कसा होतो? कायदा आड येत नाही?

उत्तर : नाही, कायदा आड येत नाही. उच्च न्यायालयासाठी राज्यघटनेचा अनुच्छेद २१७ पाहा. भारतीय नागरिकत्व आणि दहा वर्षे उच्च न्यायालयातील वकिली किंवा तितकीच वर्षे न्यायिक पद, एवढीच पात्रता त्यात आहे. पूर्वी कोणत्या पक्षात होता, निवडणूक लढवली का, याचा तिथे उल्लेखच नाही. शपथ घेण्यापूर्वी आमदारकी आणि पक्षाचे काम सुटलेले असावे लागते, हे उघड आहे.

कृष्णा अय्यर मूळचे तलश्शेरीचे वकील. १९५२ मध्ये ते मद्रास विधानसभेवर निवडून आले. १९५७ मध्ये कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर अपक्ष म्हणून केरळ विधानसभेत गेले आणि नंबुद्रिपाद मंत्रिमंडळात गृह, कायदा, तुरुंग, वीज, पाटबंधारे अशी खाती त्यांनी सांभाळली. ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते सरकार बरखास्त केले आणि अय्यर पुन्हा वकिलीकडे वळले. १९६८ मध्ये ते केरळ उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तेव्हा न्यायवृंदाची, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने (कॉलेजियम) नावे ठरवण्याची पद्धत नव्हती. सरन्यायाधीश, राज्यपाल आणि त्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश यांच्याशी विचारविनिमय करून राष्ट्रपती नेमणूक करीत. तीनेक वर्षांनी ते विधी आयोगावर (कायद्यांतील सुधारणा सुचवणारी सरकारी संस्था) गेले आणि जुलै १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले. या नेमणुकीला मुंबईच्या काही नामवंत वकिलांनी जाहीर विरोध केला होता. राजकारणातून आलेला माणूस निःपक्षपाती राहील का, ही त्यांची शंका होती आणि ती गैर नव्हती.

प्रश्न : मग ती शंका खरी ठरली का?

उत्तर : जून १९७५ पाहा. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधींची लोकसभेवरील निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाला सुट्टी होती आणि सुट्टीच्या काळात तातडीची प्रकरणे पाहणारे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर होते. कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी भेटीसाठी फोन केला, तेव्हा अपील न्यायालयाच्या कचेरीत दाखल करा, भेटीची गरज नाही, असे अय्यर यांनी सांगितले. (गोखले स्वतः मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहून राजकारणात आलेले, म्हणजे नेमके उलट्या वाटेने!) २४ जूनला अलाहाबादच्या निकालाला सशर्त स्थगिती मिळाली. पंतप्रधानपदी राहता येईल, सभागृहात बोलता येईल, पण खासदार म्हणून मतदान करता येणार नाही आणि भत्तेही घेता येणार नाहीत. बिनशर्त स्थगिती हवी होती, ती नाकारली गेली. दुसऱ्याच दिवशी आणीबाणी आली.

आमच्या मते मात्र त्यांचे मंत्रिपण सर्वांत उपयोगी पडले ते तुरुंगाच्या खटल्यांत. ज्याने तुरुंग खाते चालवले त्याला कागद कुठे अडतो ते ठाऊक असते. १९७८ चा होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत कैद्याच्या हाती वेळेवर पडली नाही आणि चार वर्षांहून अधिक उशिरा तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. तोवर शिक्षा भोगून झाली होती. अय्यर यांनी नुसती हळहळ व्यक्त केली नाही, तर पद्धत घालून दिली : निकालाची प्रत मोफत, तुरुंगामार्फत, कैद्याची लेखी पोच घेऊन द्यायची, अपिलाची सोय तुरुंगानेच करायची, वकील परवडत नसेल तर न्यायालयाने द्यायचा आणि त्याचे पैसे राज्याने भरायचे. घरातले कोणी तुरुंगात असेल तर प्रत मिळाली का आणि पोच कोणत्या तारखेची आहे, हे आधी विचारा. अपिलाची मुदत हुकते ती बहुधा इथेच.

त्याच वर्षी मोतीराम प्रकरणात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागितला गेला होता आणि जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला होता. अय्यर यांनी ती रक्कम एक हजारावर आणली.

प्रश्न : निवृत्तीनंतर पुन्हा राजकारणात जाता येते का?

उत्तर : बंदी नाही. अय्यर १९८० मध्ये निवृत्त झाले आणि १९८७ मध्ये विरोधकांतर्फे राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढून आर. वेंकटरमण यांच्याकडून हरले. सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाला देशात कुठेही वकिली मात्र करता येत नाही.