व्हिएन्नातल्या कॉन्फरन्ससाठी व्हिसा ऑस्ट्रियाचा काढू की जर्मनीचा?

प्रश्न: पुण्यात पीएचडी करतोय. व्हिएन्नात चार दिवसांच्या कॉन्फरन्सला पेपर ॲक्सेप्ट झालाय. पुढे आठवडाभर म्युनिकला मावसभावाकडे राहीन म्हणतो. व्हिसा कुठल्या देशाचा काढू, आणि तिकडे उतरल्यावर काय विचारतात?

उत्तर: व्हिसा ऑस्ट्रियाचा काढा, आणि त्यासाठी म्युनिकचे दिवस कमी करा, तीनच ठेवा. शेंगेन व्हिसा (ऑस्ट्रिया, जर्मनी धरून युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) त्या सगळ्या देशांत चालतो, पण अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे करावा लागतो. तो ठरवताना प्रवासाचं कारण आणि दिवस दोन्ही बघतात. चार दिवस व्हिएन्ना आणि सात दिवस म्युनिक दाखवलेत, तर ऑस्ट्रियावाले जर्मनीकडे बोट दाखवू शकतात आणि जर्मनीसमोर तुमच्या हातात निमंत्रण ऑस्ट्रियाचं. मावसभाऊ रुसला तर रुसू दे.

आता निमंत्रणपत्र. रजिस्ट्रेशन फी भरल्याशिवाय आयोजक ते सहसा देत नाहीत, म्हणून व्हिसा नाकारला तर फी परत मिळते का ते आधी वाचा. 'डिअर पार्टिसिपंट' छापाचं पत्र घेऊ नका. पासपोर्ट नंबर, पेपरचं शीर्षक, तारखा आणि खर्च कोण करणार, एवढं त्यात हवं. आपल्याकडची नेहमीची गोची म्हणजे नाव. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये वडिलांचं नाव जोडलेलं असतं, पेपरवर मात्र नुसतं नाव-आडनाव. रजिस्ट्रेशनचा फॉर्म पासपोर्ट समोर ठेवून भरा, म्हणजे पत्र, तिकीट, इन्शुरन्स सगळीकडे एकच नाव येईल. (दोन दिवसांत पेपर 'ॲक्सेप्ट' करून लगेच पैसे मागणारी कॉन्फरन्स असेल, तर व्हिसाचं राहू द्या, आधी गाईडला विचारा.)

बाकी कागद नेहमीचे: विभागाची एनओसी, फेलोशिपचं पत्र, बँक स्टेटमेंट, भावाचं राहण्याचं पत्र आणि किमान 30,000 युरोचा प्रवास विमा. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम दोन लाख आणून टाकू नका, ते लगेच डोळ्यांत भरतं. वडील खर्च करणार असतील तर तसं पत्र आणि त्यांचे आयटीआर जोडा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला हवा आणि परतल्यानंतरही तीन महिने चालणारा हवा.

फी 90 युरो, व्हीएफएसचा (दूतावासासाठी अर्ज गोळा करणारी कंपनी) आकार वेगळा. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण 45 पर्यंत लांबू शकतात, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळतानाच नाकी नऊ येतात. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे ॲक्सेप्टन्स हातात आल्याच्या आठवड्यातच अपॉइंटमेंट बघायला लागा.

फ्रँकफर्टमार्गे गेलात तर इमिग्रेशन तिथेच होतं, व्हिएन्नात नाही. पुढच्या विमानाला दोन-अडीच तास तरी मोकळे ठेवा. व्हिसा ऑस्ट्रियाचा असला तरी तिथे चालतो. कशासाठी आलात, कुठे राहणार, परतीचं तिकीट आहे का, एवढंच सहसा विचारतात. निमंत्रणपत्र आणि हॉटेल बुकिंगच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत असू द्या, चेक-इनच्या सामानात नकोत. लंडनमार्गे स्वस्त तिकीट मिळालं, तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते बघूनच घ्या, कारण शेंगेनचा तिथे उपयोग नाही.

म्युनिकला रेल्वेने जाल तेव्हा साल्झबुर्ग सोडल्यावर जर्मन पोलीस डब्यात येऊन पासपोर्ट मागू शकतात. तेव्हा तो वरच्या बॅगेत नको, खिशात ठेवा.