मेक्सिकोहून आलेला लाकडी हातबाहुला: खेळणं की देव?

तुम्ही विचारलंय की भावाच्या मेक्सिकोतल्या सहकाऱ्याने एक लाकडी हातबाहुला भेट दिला, चिठ्ठीत ‘नाहुआ-तोतोनाक, पुएब्ला’ एवढंच लिहिलंय. तर हे खेळणं आहे, देव आहे की नुसता शोपीस, चार वर्षांच्या मुलाला खेळायला द्यायचा का, आणि हल्ली त्यातून पिठासारखं काहीतरी पडतंय त्याचं काय करायचं?

मुलाला देऊ नका. ऑइलपेंटचे जुने थर आहेत, त्यात काय असेल कोण जाणे, आणि मुलं बाहुल्याचं नाक आधी तोंडात घालतात. पण तो देवही नाही, त्यामुळे देव्हाऱ्यात जागा करायची गरज नाही. तुम्ही टाकलेल्या फोटोवरून मला तो नाचणारा गडी वाटतो, आणि तोही अर्धा. उरलेला अर्धा तिकडे गावातच राहिलाय. म्हणजे काय ते सांगतो.

मी नोकरीनिमित्त तीन वर्षं पुएब्ला शहरात होतो. त्या राज्याच्या उत्तरेला सिएरा नोर्ते नावाचा डोंगराळ पट्टा आहे. कॉफी, मका, सतत धुकं, आणि आंबोलीची आठवण येईल असा पाऊस. तिथलं मोठं गाव कुएत्सालान. आसपासच्या वाड्यांत नाहुआ लोक राहतात, तिथून पुढे पूर्वेला वेराक्रूसच्या किनाऱ्यापर्यंत तोतोनाकांचा मुलूख आहे. नाहुआ म्हणजे अ‍ॅझटेकांची भाषा बोलणारे. आपल्या टोमॅटो आणि चॉकलेट या शब्दांचं मूळ त्याच भाषेत आहे. तोतोनाक भाषा तिच्या नात्यातलीसुद्धा नाही. 2020 च्या जनगणनेत नाहुआ भाषा बोलणारे साडेसोळा लाख आणि तोतोनाक बोलणारे अडीच लाख निघाले. पण डोंगर एक, बाजार एक, आणि नाचही बरेचसे एकच. कुएत्सालानजवळ योउआलिचान म्हणून जुने पिरॅमिड आहेत. नाव नाहुआ भाषेतलं, ‘रात्रीचं घर’, आणि कोनाड्यांची बांधणी मात्र तोतोनाक मुलखातल्या एल ताहीन या प्राचीन शहरासारखी. म्हणून तुमच्या चिठ्ठीत दोन्ही नावं आहेत याचं मला नवल वाटत नाही. हा बाहुला नक्की कुणाचा असा वाद घातला तर तिथल्या दोघांनाही हसू येईल.

आता नाच. या भागातला जगाला माहीत असलेला नाच म्हणजे ‘व्होलादोरेस’, उंच खांबावरून दोरीला उलटं लटकून गरगरत खाली येणारी माणसं. 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला तो. बाहुल्यांचा नाच तितका भाग्यवान नाही. त्याला म्हणतात ‘तेहोनेरोस’, म्हणजे तेहोनचे शिकारी. स्पेनमध्ये तेहोन म्हणजे बिज्जूसारखा प्राणी, पण मेक्सिकोत त्याच नावाने कोआटीला हाक मारतात. लांब नाकाचा, वळ्यांच्या शेपटीचा, मांजरापेक्षा थोरला, आणि मक्याचा कर्दनकाळ. कणसात दाणा भरला की टोळीने शेतात उतरतो. कोकणात वानर-माकडांनी बागा सोडायला लावलेल्या कुणालाही हे नाट्य समजावून सांगावं लागणार नाही.

मी पाहिला तो एका चॅपलसमोरच्या अंगणात, ऑक्टोबरात. मधोमध एक जाडजूड बांबू रोवलेला. बुंध्याभोवती चार काठ्यांना चादरी आणि चटया बांधून माणूस बसेल एवढं खोपटं केलेलं. बाहेर नाचणारे गोल फिरतायत, त्यातले काही बाईच्या वेशातले पुरुष. (दशावतार बघून वाढलेल्याला यात काही वावगं वाटत नाही, माझ्याबरोबरच्या जर्मन सहकाऱ्याला मात्र बराच वेळ लागला.) एक म्हातारा मुखवटा घालून लोकांची टर उडवतोय. आणि बांबूवर लाकडी सुतारपक्षी दोरीने वर सरकतोय, थांबून टकटक करतोय, परत सरकतोय. त्याच्या मागोमाग तेहोन. शेवटी लाकडी बंदुकीने नेम धरायचा, चुकवायचा, पुन्हा धरायचा, हे पोरांना इतकं आवडतं की चुकलेल्या नेमांची संख्या बहुतेक त्यांच्याच ओरडण्यावर ठरत असावी.

पण मी बघत राहिलो ते चादरीच्या काठाकडे. तिथून दोन बाहुले वर आले होते, एक पुरुष, एक बाई, आणि बाहेरची माणसं जी पावलं टाकत होती तीच ते टाकत होते. पाय नव्हतेच त्यांना. कमरेपासून खाली कापड आणि त्यात एक मनगट. तरी पावलं दिसत होती, कारण आतला माणूस खांदे बरोबर ठेक्यावर पाडत होता. बाहेरची माणसं वळली की बाहुले वळत, ती वाकली की हे वाकत. वेगळी गोष्ट, संवाद, विनोद असं बाहुल्यांचं स्वतःचं काही नाही. मोठ्या नाचाच्या पोटात तोच नाच, वीतभर उंचीचा. तुमच्याकडे आलाय तो असा अर्धा नाच, असं मी वर म्हटलं ते यासाठी. शेल्फवर तो गप्पच दिसणार, त्याची चूक नाही.

नाच संपल्यावर आतला माणूस बाहेर आला. पन्नाशीचा, दंड चोळत. त्याने बाहुला माझ्या हातात दिला आणि मी चमकलो, कारण वजनच नव्हतं. माझं आजोळ सावंतवाडीचं. चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं करणाऱ्यांच्या दुकानांपुढून सुट्टीभर येजा असायची, आणि पांगाऱ्याचा तुकडा हातात घेतला की तो लाकूड नसून पाव असावा असं वाटायचं. अगदी तेच. मी विचारलं कुठलं झाड, तो म्हणाला ‘एकिमिते’. नंतर त्याने अंगणाच्या कडेचं झाड दाखवलं: काटेरी खोड, तीन-तीन पानं. पांगारा नव्हे, पण पांगाऱ्याचाच सख्खा भाऊ. स्पॅनिशमध्ये त्याला कोलोरीन म्हणतात, दोघांचं कुळ एकच, एरिथ्रिना. फुलं तशीच लालभडक. तिकडे ती अंड्यात तळून खातात, लाल बिया मात्र विषारी. हे लाकूड मुखवट्यांसाठीही वापरतात, आणि कारण साधं आहे: तासन्‌तास हात वर धरायचा असेल तर सागवान चालत नाही.

कोरण्याची रीत: ओलसर ओंडक्याला आधी माचेते म्हणजे कोयत्याने रूप द्यायचं, मग पटाशी आणि लहान चाकू. माझ्या हातातलं डोकं मोठ्या लिंबाएवढं होतं, मानेत तर्जनी जाईल एवढं भोक. पंजे वेगळे कोरून कापडी बाहीत शिवलेले. नाक जरा जास्तच मोठं, भुवया काळ्या पट्ट्यासारख्या. जवळून बघितलं तर काम राकट वाटतं. दहा पावलांवरून, धुक्यात, तेच बरोबर दिसतं. काही बाहुले बोटांऐवजी काठीवर बसवलेलेही असतात, तेव्हा तुमच्याकडच्याची मान भरीव निघाली तर लगेच नकली समजू नका.

खराखुरा नाचलेला की बाजारासाठी केलेला हे बघायचं असेल तर चेहऱ्याकडे बघू नका, मानेच्या भोकात बॅटरी मारा. वर्षानुवर्षं बोट गेलं असेल तर आतली कड गुळगुळीत आणि घामाने काळपट झालेली असते. बाजारातल्यात आतून कोरं, खरखरीत लाकूड दिसतं. दुसरी खूण रंगाची. नाचातल्या बाहुल्याला सणाआधी पुन्हा रंग देतात, त्यामुळे टवका उडालेल्या जागी खाली दुसरा, तिसरा रंग दिसतो. तुमच्या फोटोत डाव्या गालावर पांढऱ्याखाली गुलाबी दिसतोय, ही चांगली खूण आहे. कपडे मात्र कसलाच पुरावा नाहीत, ते फाटले की बदलतात.

‘हे किती प्राचीन?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. इथे मी जरा हात आखडता घेतो. सोळाव्या शतकात सहागून नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने नाहुआ लोकांकडून जी माहिती लिहवून घेतली तिच्यात एक खेळिया येतो, ‘देवांना बाहेर काढणारा’. राजवाड्याच्या अंगणात उभा राहून तो झोळी हलवतो, आतल्यांना हाका मारतो, आणि लहान पोरांएवढी माणसं बाहेर येतात. बाया लुगड्यात, पुरुष लंगोट आणि उपरण्यात. नाचतात, गातात, आणि झोळी पुन्हा हलवली की आत जाऊन बसतात. हे बाहुल्यांचंच वर्णन असं बरेच अभ्यासक मानतात, आणि वाचताना मलाही झोळीत हात घालावासा वाटतो. पण दुसरीकडे, 1524 मध्ये मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सेनापती एर्नान कोर्तेस होंडुरासच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्या लवाजम्यात बाहुल्यांचे खेळ करणारा एक माणूस होता, असं त्याचा सैनिक बेर्नाल दियास लिहितो. म्हणजे स्पॅनिश बाहुलीही अगदी पहिल्या पिढीतच तिथे पोचली होती. तुमच्या बाहुल्याच्या अंगात दोन्हीकडचं रक्त असणार. ‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ वगैरे दुकानदाराने सांगितलं असेल तर ते बिलात धरलेलं असतं.

एक चूक टाळा: मेक्सिकन बाहुल्या म्हणून शोध घेतलात तर रोसेते अरांदा हे नाव पुढे येईल. ती 1835 पासूनची त्लास्कालाच्या उआमांत्लातली मंडळी. सुंदर काम, पण त्या दोरीच्या बाहुल्या, तंबू ठोकून गावोगाव खेळ करणाऱ्या व्यावसायिक मंडळीच्या. आपल्या पिंगुळीच्या कळसूत्रीशी तुलना करायची तर त्यांची होईल. तेहोनेरोसमध्ये तिकीट नसतं, नाच गावाच्या सणाला होतो.

आता पीठ. ती लाकूड पोखरणारी कीड आहे, आणि पांगाऱ्याच्या कुळातलं मऊ लाकूड म्हणजे तिची मेजवानी. मीही तिकडून एक बाहुला आणला होता, त्याला पुण्यात दुसऱ्याच पावसाळ्यात लागली. ओळखीच्या एका फर्निचरवाल्याच्या सांगण्यावरून मी त्याला व्हार्निश मारलं. कीड आत मजेत राहिली, आणि गालाचा जुना रंग व्हार्निशबरोबर सालासारखा सुटून आला. तेव्हा व्हार्निश नको, खोबरेल नको, रॉकेल तर नकोच. रंगाचे पोपडे हलत नसतील तर बाहुला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि उणे 18 किंवा त्याहून थंड डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीवर बसेल, बाहुल्यावर नाही. नंतर त्याच्याखाली काळा कागद ठेवा. महिन्याभरात पुन्हा भुसा दिसला तर हेच सगळं परत एकदा करा. रंग हलत असेल तर हा उद्योग न करता संग्रहालयाचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा.

आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे रविवारी सकाळी आईने मटाराची पिशवी ओढली आणि मागे मोठ्या नाकाचा मिशाळ माणूस तिच्याकडे बघत होता. त्या दिवशी मटारभात झाला नाही.